वाचक विचारतात: जावयाच्या पूर्वजाचं पाचशे वर्षांपूर्वीचं विल

प्रश्न: नमस्कार. मी विलेपार्ल्याला राहते. माझी मुलगी लग्न होऊन इंग्लंडला असते, जावई तिकडचाच, इंग्रज. मे महिन्यात सगळे इथे आले होते तेव्हा नातवाने आमच्या ह्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत कपाटातून काढला, त्यात आईचं नाव छापलेलं बघून तो इतका खूश झाला की आता बाबांच्या बाजूचं पण असंच पाहिजे म्हणून मागे लागलाय. जावयाच्या आत्याकडे एक छापील वंशवेल आहे, त्यात सगळ्यात वर सॉमरसेटमधला एक कापडाचा व्यापारी आहे आणि शेजारी पेनने 'पी.सी.सी. लॉग' असं लिहून पुढे एक आकडा टाकलाय. जावयाने त्या माणसाच्या विलची कॉपी मागवली, वाचून घेतली आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं पाठवलं. विलची तारीख १२ फेब्रुवारी १४८२ आणि प्रोबेट, म्हणजे विलला कोर्टाची मंजुरी, मे १४८३ चं. बायको जोन, दोन मुली, एक कझिन, ज्यांचा तो धर्मपिता (गॉडफादर) होता अशी तीन-चार मुलं, एक नोकर एवढ्यांची नावं आहेत. वेल्सच्या मोठ्या चर्चला थोडे पैसे दिलेत. ६ शिलिंग ८ पेन्स असा विचित्र आकडा सारखा येतो. पण वंशवेलीत ज्या थॉमस नावाच्या मुलापासून जावयाचं घराणं पुढे आलंय तो थॉमस विलमध्ये कुठेच नाहीये! मग वंशवेल खोटी समजायची का? प्रोबेटला सव्वा वर्ष लागलं म्हणजे घरात भांडणं होती का? माणूस वेल्सचा होता का? नातवाला काय सांगू?

उत्तर: काकू, आधी तारखेचं सोडवू कारण ते लगेच सुटतं आणि नातवाला पण आवडेल. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्षाचा आकडा १ जानेवारीला बदलायचा नाही, २५ मार्चला बदलायचा, आणि हे थेट १७५२ पर्यंत असंच चालू राहिलं. आपला शक कसा पाडव्याला बदलतो आणि त्याआधीचा माघ-फाल्गुन जुन्याच शकात जातो, तसंच. म्हणजे त्या माणसाने लिहिलेला फेब्रुवारी १४८२ हा आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १४८३. विल आणि प्रोबेट यात फक्त तीन महिने गेलेत, भांडण-बिंडण काही नाही.

खात्री करायची असेल तर विलमध्ये राजाचं वर्ष दिलंय का ते बघायला सांगा जावयाला, बरेचदा दिलेलं असतं. चौथा एडवर्ड ४ मार्च १४६१ ला गादीवर आला, त्यामुळे त्याचं २२ वं वर्ष म्हणजे ४ मार्च १४८२ ते ३ मार्च १४८३. कागदावर २२ वं वर्ष असेल तर १२ फेब्रुवारी १४८३ पक्कं झालं. आणि बघा, एडवर्ड ९ एप्रिल १४८३ ला गेला, म्हणजे तुमच्या व्यापाऱ्याने विल केलं तेव्हा एक राजा होता आणि प्रोबेट झालं तेव्हा दुसरा, बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड, जो धाकट्या भावासोबत लंडनच्या टॉवरमध्ये गेला आणि त्या उन्हाळ्यानंतर पुन्हा कुणाला दिसला नाही. नातू शाळेत ही गोष्ट शिकला असेल तर त्याला सांगा की तुझ्या (कदाचित तुझ्या) पूर्वजाचा कागद नेमका त्याच आठवड्यांमधला आहे.

त्या तीन महिन्यांचा अजून एक उपयोग आहे. लोक तेव्हा विल साधारण आजारपणात, अंथरुणावर पडूनच करायचे, त्यामुळे माणूस १२ फेब्रुवारी आणि प्रोबेटची तारीख यांच्यामध्ये कधीतरी वारला असं धरायला हरकत नाही. याहून जवळची मृत्यूची तारीख मिळणं अवघड आहे, कारण चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवायचा हुकूमच १५३८ साली निघाला, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढला. त्याआधीच्या माणसाचा जन्मदाखला शोधत बसू नका, तो नसतोच.

आता ते 'पी.सी.सी. लॉग'. मुंबईकरांना प्रोबेट म्हणजे काय ते समजावून सांगायला नको, पण तिकडे १८५८ च्या जानेवारीपर्यंत हे काम सरकारी कोर्टाकडे नव्हतं, चर्चच्या कोर्टांकडे होतं. खाली छोटी कोर्टं, वर बिशपचं, आणि ज्यांची मालमत्ता एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत पसरलेली त्यांच्यासाठी कँटरबरीच्या आर्चबिशपचं मोठं कोर्ट, तेच हे पीसीसी. तिथले कारकून मंजूर झालेलं विल जाड रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायचे आणि त्या रजिस्टरला त्यातल्या पहिल्या माणसाचं किंवा एखाद्या मोठ्या माणसाचं नाव पडायचं. पहिलं रजिस्टर राऊस, ते १३८४ पासून सुरू होतं. लॉग हे १४७९ ते १४८६ चं, म्हणजे तुमच्या तारखेशी बरोबर जुळतंय. पुढचा आकडा रजिस्टरमधल्या पानांच्या गठ्ठ्याचा, एका पानाचा नाही, म्हणून त्या आकड्याचं पान उघडलं आणि विल दिसलं नाही असं झालं तर घाबरायचं नाही. ही सगळी रजिस्टरं आता लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'प्रॉब ११' या मालिकेत आहेत, नावाने ऑनलाइन शोधता येतात.

आत्याबाईंच्या घरात कुणीतरी तो संदर्भ पेनने लिहून ठेवला हे फार मोठं काम झालंय, खरंच सांगतो. कारण सॉमरसेट आणि डेव्हनच्या स्थानिक चर्च-कोर्टांमधली जुनी विलं एक्सेटरला ठेवलेली होती आणि मे १९४२ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ती जवळपास सगळी जळून गेली. शेकडो वर्षांची गावंच्या गावं त्यात गेली, मला त्याबद्दल वाचताना अजूनही त्रास होतो. तुमच्या माणसाचं विल लंडनच्या रजिस्टरात उतरलं म्हणून वाचलं. तरी सगळंच गेलं असं नाही, आग लागायच्या आधी काही अभ्यासकांनी बरीच विलं हाताने उतरवून ठेवली होती, डेव्हनची ऑलिव्ह मोगर यांनी टाइप केलेली उताऱ्यांची बाडं आजही वापरली जातात. आणि सॉमरसेटच्या माणसांची पीसीसीमधली मध्ययुगीन विलं सॉमरसेट रेकॉर्ड सोसायटीने १९०१ ते १९०५ या काळात थोडक्यात इंग्रजीतून छापली, ती जुनी पुस्तकं स्कॅन होऊन फुकट मिळतात. जावयाने आधी तीच तीन पुस्तकं उघडावीत आणि फक्त आपलं आडनाव न शोधता आपल्या गावाचं नाव शोधावं.

वेल्सचं. हे वेल्स म्हणजे तो वेगळा देश नव्हे, सॉमरसेटमधलंच कॅथेड्रलचं छोटं शहर. त्या बिशपच्या हद्दीतला जवळजवळ प्रत्येक जण विलमध्ये वेल्सच्या सेंट अँड्र्यू कॅथेड्रलला चार-आठ पेन्स ठेवायचाच, ती रीतच होती. त्यावरून माणूस वेल्सचा ठरत नाही. माणूस कुठला ते बघायचं असेल तर त्याने आपलं शरीर कुठल्या चर्चमध्ये पुरायला सांगितलंय ते बघा, आणि 'विसरून राहिलेल्या दशमांशाबद्दल' म्हणून कुठल्या चर्चच्या वेदीला पैसे दिलेत ते बघा. आयुष्यात चर्चचा दहावा हिस्सा चुकून कमी दिला गेला असेल तर तो मरताना फेडायचा, आणि तो आपल्या स्वतःच्याच गावच्या चर्चला. हे वाक्य सापडलं की गाव सापडलं.

६ शिलिंग ८ पेन्स विचित्र वाटतो पण नाहीये. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पाउंड, म्हणजे पाउंडात २४० पेन्स. ६ शिलिंग ८ पेन्स म्हणजे ८० पेन्स, पाउंडाचा बरोबर तिसरा हिस्सा. शिवाय हिशोबात 'मार्क' म्हणून एक माप होतं, १३ शिलिंग ४ पेन्सचं, त्याचा हा अर्धा. त्याचा अर्धा ३ शिलिंग ४ पेन्स, तोही दिसेल. मूळ पानावर हे आकडे रोमन अक्षरांत असतात आणि शेवटचा आय जे सारखा खाली ओढलेला असतो, म्हणजे सहासाठी व्ही आणि मग जे, आठसाठी व्ही, दोन आय आणि मग जे. नातवाला मूळ पानाची कॉपी झूम करून द्या आणि असे आकडे शोधायला सांगा, सगळ्यात आधी तेच वाचता येतात. प्रत्येक नव्या देणगीच्या आधी 'आयटम' हा शब्द येतो, बरेचदा अर्धवट लिहून वर एक रेघ मारलेला, तोही एकदा ओळखला की पूर्ण पान आपोआप तुकड्यांमध्ये मोकळं होतं. नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर जुनी अक्षरं आणि लॅटिन शिकायचे फुकट धडे आहेत, चांगले आहेत.

आता थॉमस, कारण खरा प्रश्न तोच आहे. विलमध्ये नाव नाही म्हणून मुलगा नव्हताच असं अजिबात धरू नका. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये विलने वाटायची ती मुख्यतः जंगम मालमत्ता, म्हणजे पैसे, भांडी, कपडे, गुरं, मालाचा साठा. जमीन १५४० च्या कायद्यापर्यंत साधारणपणे विलने देताच येत नव्हती, काही शहरांमधली घरं सोडली तर. जमीन आपोआप वारसाकडे जायची आणि वारस म्हणजे बहुतेक ठिकाणी थोरला मुलगा. मग ज्या मुलाला जमीन मिळणारच आहे त्याचं नाव भांडीकुंडी वाटायच्या कागदात कशाला येईल? किंवा त्याला आधीच धंद्यात भांडवल देऊन वेगळा केला असेल. किंवा तो मठात गेला असेल, साधूला मालमत्ता चालत नाही (पण मग त्याच्यापासून वंश पण पुढे जात नाही, हे लक्षात ठेवा).

पण याच्या उलट पण तेवढंच खरं आहे. नाव नाही याची दहा कारणं सांगता येतात म्हणून थॉमस होताच असं सिद्ध होत नाही. आणि इथेच लोक घसरतात, कारण वर सगळ्यात जुना, श्रीमंत, विल केलेला माणूस सापडला की त्याला आपल्याशी जोडायचा मोह होतोच. छापील वंशवेलीत ही जोडणी कुठून आली ते आधी शोधा. सॉमरसेटमध्ये राजाचे अधिकारी १५३१, १५७३, १५९१ आणि १६२३ साली येऊन ढाल-चिन्हं वापरणाऱ्या घराण्यांच्या वंशावळी लिहून घ्यायचे, त्यातली १६२३ ची १८७६ मध्ये छापली पण गेली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ वंशवेली तिथूनच उचललेल्या असतात. १६२३ मध्ये घरच्यांनी तोंडी सांगितलेलं आजोबा-पणजोबांपर्यंत ठीक असतं हो, पण १४८३ म्हणजे १४० वर्षं मागे, तिथे पुरावा वेगळा लागतो.

एक गोष्ट लगेच करा. जावयाने पूर्ण विल मागवलंय की फक्त पहिलं पान ते विचारा. जमिनीचा कायदा चुकवायला लोक एक युक्ती करायचे, जमीन जिवंतपणीच तीन-चार भरवशाच्या माणसांच्या नावावर करून ठेवायची आणि मी गेल्यावर तिचं असं असं करा म्हणून सांगून ठेवायचं. या सूचना कागदाच्या शेवटी, 'उरलेली सगळी मालमत्ता अमुकला' या वाक्याच्या नंतर येतात, कधी वेगळ्या मथळ्याखाली. लोक 'उरलेली मालमत्ता' वाचून थांबतात आणि खरा वारस त्याच्या पुढच्या ओळीत असतो.

तिथे पण थॉमस नसेल तर त्या माणसाच्या आजूबाजूची माणसं धरा. पहिली जोन. ती विधवा झाली, म्हणजे आता तिला स्वतःचं विल करायचा हक्क आला, आणि विधवांची विलं नवऱ्यांच्या विलांपेक्षा कितीतरी जास्त बोलतात, मुलं, सुना, नातवंडं, कुणाला कुठलं पातेलं, सगळं. फक्त जोन ही सगळ्या मुलांची आईच असेल असं धरू नका, दुसरी बायको असू शकते, आणि ती पुढे पुन्हा लग्न करून दुसऱ्याच आडनावाखाली विल करून गेली असेल. मग विलची अंमलबजावणी करणारे, साक्षीदार, गावचा पाद्री, त्यांची विलं. 'कझिन' या शब्दाला तेव्हा काही धरबंध नव्हता, पुतण्या-भाच्यापासून लांबच्या नातलगापर्यंत कुणीही, त्यामुळे थॉमस त्या कझिनचा मुलगा निघाला तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. आणि धर्मपित्याचं नाव मुलाला ठेवायची पद्धत असल्याने एकाच घरात दोन सख्खे भाऊ एकाच नावाचे, दोघेही जिवंत, असं पण दिसतं. दोन थॉमस असूच शकतात.

विलं संपली की कोर्टाचे कागद. चॅन्सरी, म्हणजे राजाच्या चॅन्सलर या बड्या मंत्र्याच्या कोर्टाकडे केलेले जुने अर्ज क्यूला 'सी १' या मालिकेत आहेत, चौदाव्या शतकाच्या शेवटापासून १५५८ पर्यंतचे, पंधराव्या शतकात ते इंग्रजीत यायला लागतात म्हणून वाचायला बरे पडतात. बापाने ज्यांच्या नावावर जमीन केली ते आता परत देत नाहीत, अशा तक्रारी त्यात ढिगाने आहेत, आणि त्यात मुलगा स्वतःच्या तोंडाने सांगतो की मी अमक्याचा मुलगा आणि वारस. एक असा अर्ज मिळाला तर थॉमसचा निकाल लागला. अर्जावर तारीख नसते, ज्या चॅन्सलरला उद्देशून लिहिलाय त्यावरून काळ काढतात. त्याशिवाय गावच्या जमीनदाराच्या कोर्टाच्या गुंडाळ्या, ज्यात कूळ मेलं की पुढे कोण आलं ते लिहिलेलं असतं, त्या मिळाल्या तर सोनंच. आणि १५२४-२५ ची मोठी करयादी, त्यात त्या गावात हे आडनाव शिल्लक आहे का ते कळेल.

हे सगळं वरून खाली नको, खालून वर करा. जावयापासून मागे, एकेक पिढी, १५३८ च्या आसपास पोचेपर्यंत. १५३८ ते १४८३ म्हणजे ५५ वर्षं, दोन पिढ्या, तेवढाच अवघड पट्टा उरतो. नातवाच्या वंशवेलीत तोपर्यंत थॉमसच्या वर तुटक रेघ काढा, पक्की नको. मुलांना तुटक रेघ छान समजते.

आणि एक सांगू का, रेघ जुळली नाही तरी हा कागद ठेवून द्या. नोकराला काय दिलंय ते नीट वाचा, धर्मपुत्रांची नावं वाचा, मुलींपैकी कुणाला लग्नासाठी पैसे ठेवलेत ते वाचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने कुणाकुणाची आठवण काढली त्याची ती यादी आहे, कुलवृत्तांतात असं काही मिळत नाही, तिथे नुसती नावं आणि गावं.

प्रश्न: मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बायका स्वतःचं मृत्युपत्र करायच्या का? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवंय. (विद्यार्थिनी, गिरगाव)

उत्तर: करायच्या, पण लग्न झालेली असेल आणि नवरा जिवंत असेल तर त्याची परवानगी लागायची, कारण तिची जंगम मालमत्ता लग्नानंतर कायद्याने नवऱ्याची. हे बऱ्याच अंशी १८८२ च्या कायद्यापर्यंत टिकलं. विधवा आणि अविवाहित बायका मोकळ्या होत्या. प्रोजेक्टसाठी नॉरफकच्या मार्गारेट पॅस्टनचं १४८२ चं विल घे, इंग्रजीतलंच आहे आणि छापलेलं आहे. तिच्या मार्जरी नावाच्या मुलीने १४६९ मध्ये घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, गुपचूप लग्न केलं, बिशपपुढे चौकशी झाली, मुलगी मागे हटली नाही, आणि मार्गारेटने तिला घराचा दरवाजा बंद केला. ही सगळी हकीकत त्या घराण्याच्या पत्रांमध्ये आहे. नंतर विलमध्ये बघ, तीच मार्गारेट मार्जरीच्या मुलाला, जॉन कॉलला, २० पाउंड ठेवते, आणि तो वयात यायच्या आत गेला तर त्याच्या भावांना. स्वतःच्या मुलाच्या अनौरस मुलीला पण ती विसरत नाही, कस्टन्स तिचं नाव, तिला १० मार्क. पत्रांमध्ये राग दिसतो आणि विलमध्ये नातवंडं, दोन्ही एकत्र वाचलंस तर प्रोजेक्ट आपोआप उभा राहील.

प्रश्न: माझे खापरपणजोबा इंग्रज, रेल्वेत होते असं म्हणतात, दफन शिवडीला झालंय. आमच्या आडनावाच्या एका माणसाचं १४०० च्या सुमाराचं विल नेटवर सापडलं. हाच आमचा मूळपुरुष असेल ना? (एक वाचक, माझगाव)

उत्तर: दादा, नुसत्या आडनावावरून नाही सांगता येणार. इंग्लंडमधली पुष्कळ आडनावं धंद्यावरून, गावावरून किंवा बापाच्या नावावरून पडली, एकच आडनाव वेगवेगळ्या जिल्ह्यांत एकमेकांशी काही संबंध नसलेल्या घरांना चिकटलं, त्यातून १४०० च्या आसपास काही भागांत आडनावं अजून स्थिर पण झाली नव्हती. तुमचा रस्ता १४०० पासून नाही, शिवडीपासून सुरू होतो. दफनाची नोंद, मग लग्नाची, त्यात बापाचं नाव असतं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन ३' या मालिकेत आहेत, १७०९ पासूनच्या, आणि मुंबईत मेलेल्या युरोपियनांची विलं त्याच दप्तरात 'एल एजी ३४ २९' या मालिकेत. फिबिस नावाची संस्था यांच्या सूच्या ऑनलाइन फुकट देते, तिथे आधी खापरपणजोबांचं नाव टाका. ते इंग्लंडमधल्या कुठल्या गावाहून आले ते कळलं की मगच १४०० च्या विलकडे वळा, आणि ते विल त्याच भागातलं आहे का ते सगळ्यात आधी बघा. खापरपणजोबांच्या लग्नाची नोंद मिळाली की परत लिहा, पुढचं तेव्हा बघू.